कारणाचा रकाना

ऑडिटला सात वर्षं पुरतात, असं कमिटीत ठरलं.
बाकीच्या वह्या रद्दीत द्यायच्या,
कपाटात नवा ॲम्प्लिफायर येणार आहे.
मी खजिनदार. हात वर केला मीही.

म्हणून हा शनिवार, व्हेस्ट्रीत, एकटा.
क्वार्टर गेटचे हॉर्न खिडकीतून आत,
आणि फरशीवर एकावर एक
उपकारस्तुतीच्या एकोणचाळीस वह्या.
रद्दीवाला पाचला येतो म्हणालाय.

चार रकाने: तारीख, नाव, कारण, रक्कम.
पहिली पानं टाकाची, शाई तपकिरी झालेली.
'बाळंतीण सुखरूप.' चार आणे.
'खडकीच्या फॅक्टरीत कायम झाल्याबद्दल.' एक रुपया.
'नळावर आता अडवत नाहीत.' दोन आणे.
'म्हैस सापडली.'
कुणी देवाला म्हशीचा हिशेब देतं का?
दिलाय. सव्वा रुपया.

मग जुलै एकसष्ट.
बुधवारी पानशेत फुटलं,
रविवारी, सोळा तारखेला, उपासना झाली.
वहीला पाणी लागलं नव्हतं, तरी अक्षर हललेलं.
'इलीशिबा पारधे, मंगळवार पेठ.
घर गेले. माणसे आहेत.'
पन्नास नये पैसे.
तिच्या खालीच
'शामुवेल दुशिंग.'
कारणाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ,
समासात कुणीतरी पेन्सिलीनं: रतन, वय सहा, मिळाली नाही.
रक्कम एक रुपया.

त्या रेघेपाशी मी बराच वेळ बसलो.
चहावर साय धरली.
रेघ म्हणजे काय, शामुवेलकाका?
राग? की शब्दच नव्हता?
की कारण उरलं नाही तरी येणं उरतं,
असं काही?
मला ठाऊक नाही.
पाळकसाहेबांना विचारणार नाही,
ते उत्तर देतील.

शलोमीची गाठ तपासायला गेलीय,
रिपोर्ट मंगळवारी.
अकरा दिवस माझी प्रार्थना
बोळात अडकलेल्या टेम्पोसारखी,
पुढं नाही, मागं नाही, नुसतं इंजिन चालू.

देवाला वही लागत नाही.
त्याला म्हशीसकट सगळं पाठ आहे.
विसरतो ते आपण.
त्या वाळवंटातही तेच झालं होतं ना:
समुद्र नुकताच दुभंगलेला,
वहाणेत अजून ओली वाळू,
आणि तोंडात तक्रार, पाणी कुठाय म्हणून.
मी त्यांना हसत आलो रविवारच्या शाळेपासून.

शहाऐंशीची वही निघाली.
'शलोमी व मुलगा, दोघे वाचली. ससून.'
पंचवीस रुपये. अक्षर माझंच.
पंचवीस आठवत होते मला,
कुणाकडून उसने घेतले तेही.
पण ती रात्र?
वॉर्डाबाहेरचा तो बाक,
पहाटे चारला नर्सनं दार उघडलं ते,
मी जमिनीवरच बसलो होतो ते?
सदतीस वर्षं मी ती रात्र
नीट घडी घालून कुठंतरी ठेवून दिली होती
आणि कपाटच विसरलो.
ज्यानं तेव्हा दार उघडलं
त्याच्यापुढंच अकरा दिवस उभा आहे मी
अनोळखी माणसासारखा, अर्ज घेऊन.

मंगळवारी काय होईल
ते या वहीत नाही.
रतनचं पानही याच वहीत आहे,
ते फाडून पुढं जाता येत नाही.
पण त्या पानानंतरही पानं आहेत,
आणि डिसेंबरात, नाताळच्या आठवड्यात,
पुन्हा: शामुवेल दुशिंग. एक रुपया.
कारण: 'थंडीत पांघरूण मिळाले.'

पाचला दार वाजलं.
किलोला चौदा, म्हणाला, ताणकाटा सोडत.
म्हटलं, वर्तमानपत्रं ने.
ॲम्प्लिफायर जिन्याखाली राहील.
कमिटीला काय सांगायचं ते बघू.

चालू वहीत तारीख घातली.
नाव. रक्कम पाचशे.
कारणापाशी पेन थांबलं.
रेघ मारायला गेलो,
मग लिहिलं:
'मागच्याबद्दल.'
शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.